दूरची युद्धे आणि बीडचा बाजार

बीड जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला, तर उत्तरेच्या शिवेवर गोदावरी दिसते, मधून बालाघाटाचे डोंगर आडवे गेलेले दिसतात आणि पाटोद्याच्या माथ्यावर उगम पावलेली मांजरा दक्षिणेच्या अंगाने पुढे जाताना दिसते. समुद्र मात्र कोठेच दिसत नाही. या जिल्ह्यात बंदर नाही, तेलाची विहीर नाही, कोळशाची खाण नाही. परळीला निजामाच्या राजवटीतच रेल्वे पोहोचली होती. परंतु जिल्ह्याचे मुख्य शहर जे बीड, त्याला आगगाडी पाहण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ चा दिवस उजाडावा लागला. अशा मुलखाविषयी सहजच असा समज होतो, की जगाच्या उलाढालींपासून तो अलिप्त असणार. राष्ट्रे आपापसांत लढोत, आपल्या ज्वारी-बाजरीला त्याचे काय! हा समज कितपत खरा आहे, हे आपल्याच जिल्ह्याच्या गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इतिहासावरून पडताळून पाहावे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

आरंभ कापसापासून करू. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर व दक्षिण या दोन भागांत यादवी युद्ध पेटले. त्या काळी इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि हा पुरवठा जवळजवळ बंद पडला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव तीन वर्षांत सुमारे चौपट झाले. लोहमार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत येऊन पोहोचला होता, आणि बार्शीची पेठही आपल्यापासून फार दूर नव्हती. पुढे मुंबईच्या कापूसबाजारात 'बार्शी-नगर' या नावाने मालाचा एक प्रकारच ओळखला जाऊ लागला. बार्शी आणि नगर यांच्या मधोमध कोणता मुलूख येतो, हे येथील श्रोत्यांना सांगावयास नको.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या वेळी बीड इंग्रजी अंमलाखाली नव्हते. ते निजामाच्या राज्यात होते. येथील चलन वेगळे, म्हणजे हाली शिक्का. सात हाली रुपयांना सहा इंग्रजी रुपये, असा साधारण हिशेब. शिवेवर करोडगिरीचे नाके होते. राजा निराळा, नाणे निराळे, जकात निराळी. तरीही अमेरिकेतील युद्धाने वाढलेला भाव या नाक्यांवरून आत आला. भावाला शिपायाने अडविता येत नाही, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा एप्रिल १८६५ मध्ये मिळाला. दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरांचा जो डोलारा उभा राहिला होता, तो १ जुलै १८६५ च्या वायद्याच्या दिवशी ढासळला. प्रेमचंद रायचंदांसारखा धनाढ्यही त्यात बुडाला. मुंबईच्या या पडझडीची हकीकत पुस्तकांतून पुष्कळ आली आहे. परंतु शेतकऱ्याची पडझड सावकाश होते व तिची तारीख लिहिली जात नाही. भाव चढता असताना त्याची पत वाढलेली असते, त्या पतीवर कर्ज मिळालेले असते. भाव उतरतो, पण खत उतरत नाही. आपल्या शेजारच्या नगर आणि पुणे या जिल्ह्यांत १८७५ साली कुणब्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते जाळली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे त्याला प्रारंभ झाला. त्या दंग्यांची कारणे अनेक होती: सरकारी साऱ्याची वाढ होती, कोर्टातील हुकूमनामे होते, सावकारीचे डावपेच होते, आणि कापसाच्या तेजीत फुगलेले व मंदीत न फिटलेले कर्ज हेही त्यांतील एक होते. त्याच १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, हे आपल्यासारख्या व्याख्यानांच्या श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सुशिक्षितांनी अर्थकारणाचा विचार करावा, याची निकड त्या वर्षी भीमथडीतल्या धुरानेच दाखवून दिली होती.

आता कापसाकडून तेलाकडे वळू. कारण आपल्या आजच्या पराधीनतेचे मूळ तेथे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बीडच्या घरात दिवा लागे तो करडईच्या, जवसाच्या किंवा एरंडीच्या तेलाचा. गळिताचे धान्य शेतात पिके, तेली घाण्यावर ते गाळी, पेंड बैलाला जाई. गावचा उजेड गावातच तयार होत असे. तो उजेड मंद होता, धुरकट होता आणि गरिबाला रात्रभर परवडणाराही नव्हता. त्याची थोरवी गाण्याचे कारण नाही. मग अमेरिकेतून आणि नंतर रशियातील बाकूच्या विहिरींतून रॉकेल येऊ लागले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर त्या मार्गाने तेलाची जहाजे पूर्वेकडे वळली. पुढे ब्रह्मदेशच्या तेलाने हिंदुस्थानच्या बाजारात आपला जम बसविला. पत्र्याच्या डब्यातून हे तेल खेडोपाडी गेले. चिमणी आली, कंदील आला. स्वस्त आणि स्वच्छ म्हणून लोकांनी त्यांचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. परंतु त्याबरोबर एक गोष्ट नकळत घडली. दिव्याचे तेल गाळणे तेल्याने सोडले, एरंडीची ओळ शेतकऱ्याने मोडली. नवी वाट रुळली तेव्हा जुनी वाट काट्यांनी बुजून गेली.

याचा परिणाम १९४२ साली दिसून आला. ७ मार्चला रंगूनजवळच्या सिरियम येथील तेलशुद्धीचा कारखाना इंग्रजांनी स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त केला. एप्रिलच्या मध्यास येनानजाउंगच्या तेलविहिरींचीही तीच गत केली. जपानी सैन्याच्या हाती तेल लागू नये, हा हेतू. युद्धनीती म्हणून ते ठीक असेल, पण त्या विहिरींच्या तेलावर ज्यांचे दिवे जळत होते ती खेडी रणांगणापासून हजारो मैल दूर होती. ब्रह्मदेशचे रॉकेल थांबले, ब्रह्मदेशचा तांदूळही थांबला. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली; त्याच्या अनेक कारणांपैकी तांदळाची ही तूट एक होती. आपल्याकडे मरण तसे आले नाही, पण अंधार आला. रॉकेल मापून मिळू लागले. गोडेतेल महागलेले, तेव्हा पूर्वीप्रमाणे करडईच्या तेलाचा दिवा लावावा म्हटले, तर खायलाच तेल नाही, अशी अवस्था झाली. पेट्रोलवर १९४१ पासूनच नियंत्रण होते; त्यामुळे मोटारींच्या पाठीमागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर गाड्या हाकण्याचा खटाटोप देशभर चालला. निजामाच्या रेल्वेने १९३२ पासून प्रवासी मोटारसेवा चालविली होती आणि लोकांना तिची सवय होऊ लागली होती; पण ज्या वस्तूवर ही सवय उभी होती, ती वस्तू परमुलखातून येत होती. संस्थानात धान्याची लेव्ही सुरू झाली. पिकविणाऱ्याच्या घरातून धान्य ठरल्या दराने जाई आणि बाहेरची प्रत्येक वस्तू त्याला चढ्या दराने घ्यावी लागे.

महायुद्ध संपले तरी बीडचे हाल संपले नाहीत. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला, पण पुढच्या काही महिन्यांत दोहोंमधील तणाव वाढतच गेला. भारत सरकारने संस्थानाची आर्थिक नाकेबंदी केल्याचे अधिकृतपणे कधी मान्य केले नाही. तथापि पेट्रोल, औषधे व यंत्रांचे भाग सरहद्दीवर अडू लागले, ही वस्तुस्थिती होती. बीडला नगर जिल्ह्याची शीव भिडलेली. ज्या वाटेने माल येत होता, तीच वाट रझाकारांना चुकवून पलीकडे जाणाऱ्या माणसांची झाली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हा अध्याय संपला आणि जनतेला स्वातंत्र्य लाभले. ती नाकेबंदी न्याय्य कार्यासाठी होती की नव्हती, हा आजचा विषय नव्हे. परंतु ज्या प्रदेशाच्या गरजेच्या वस्तू एकाच दारातून येतात, त्याचे दार बंद करणे किती सोपे असते, हे त्या वर्षी आपल्या पूर्वजांनी अनुभविले. दार बंद करणारा आपला हितकर्ता असो वा शत्रू, ज्याच्या घरात मीठ आणि औषध नाही त्याची अडचण सारखीच असते.

स्वातंत्र्यानंतर नियोजनाचा काळ आला. विजेचे खांब आले, मोटेच्या जागी पंप आला, बैलगाडीच्या जागी मालमोटार आली, शेणखताच्या जोडीला पोत्यातले खत आले. परळी येथे १९७१ मध्ये औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. प्रत्येकी तीस मेगावॉटचे दोन संच हा त्याचा आरंभ. जिल्ह्यात वीज तयार होते म्हणून आपण स्वावलंबी झालो, असे त्या वेळी वाटणे स्वाभाविक होते. पण कोळसा दूरच्या खाणींतून रेल्वेने यावयाचा, आणि पाणी मात्र इथलेच लागायचे. या केंद्राची कथा पुढे फार बोलकी झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद करावे लागले. बाहेरचा कोळसा रुळावर उभा, आणि घरचे पाणी आटलेले! ऊर्जेचे परावलंबन नेहमी परदेशाचेच असते असे नाही; ते आभाळाचेही असते.

परंतु आपल्या कथेत १९७१ नंतरचे मोठे वळण ६ ऑक्टोबर १९७३ हे आहे. त्या दिवशी इजिप्त व सीरिया यांनी इस्राएलवर चढाई केली. अरब राष्ट्रांनी तेलाचे हत्यार उपसले. पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला तेलाचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरांच्या वर गेला. त्या वेळी महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळातून नुकता कोठे डोके वर काढीत होता. बीड जिल्ह्यात माणसे खडी फोडत होती, नालाबांधाची माती वाहत होती, परदेशातून आलेली तांबडी मिलो खात होती. पाऊस पडला, पेरणीची आशा धरली, तोच खताचा तुटवडा पडला. जून १९७४ मध्ये युरियाचा सरकारी दर जवळजवळ दुप्पट झाला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो असा सुएझच्या काठावरून आला.

युरिया आणि अरबांचे युद्ध यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. युरिया म्हणजे हवेतला नत्र पकडून घट्ट केलेला पदार्थ. आणि तो पकडण्यासाठी नैसर्गिक वायू किंवा खनिज तेलापासून मिळणारा नाफ्था लागतो. म्हणजे युरियाचे पोते हे दुसऱ्या रूपातले तेल वा वायूच होय. स्फुरदाची खते करावयाची, तर त्यांचा दगड व आम्ल परदेशातून आणावे लागते. पालाशचे खत तर जवळजवळ सारेच परदेशातून येते. शेतकरी डिझेलची टाकी भरतो तेव्हा आपण तेल घेतो हे त्याला कळते; तो खताचे पोते उचलतो तेव्हाही तेच घेतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

त्या धक्क्यातून देशाने काही चांगलेही साधले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले आणि मे १९७६ मध्ये 'बॉम्बे हाय'चे उत्पादन सुरू झाले. १९७९ च्या इराणी क्रांतीने आणि १९८० च्या इराण-इराक युद्धाने पुन्हा टंचाई झाली, रॉकेलच्या रांगा पुन्हा लागल्या. तरी घरच्या तेलाचा थोडाफार आधार तेव्हा होता. पण गरज त्याहून वेगाने वाढली.

मग २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. तेलाचा भाव पाहता पाहता दुपटीहून वर गेला. आखातात राबणाऱ्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांनी घरी पाठविलेला पैसा थांबला. सरकारी खर्च आणि परदेशी कर्ज आधीच हाताबाहेर गेलेले असल्याने या एका धक्क्याने देशाच्या परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत आली. १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवावे लागले आणि रुपयाचे अवमूल्यन झाले. येथवरची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तिचा पुढचा धागा मात्र बीडच्या मातीपर्यंत येतो. तिजोरीवरचा भार हलका करण्यासाठी खतांचे अनुदान कमी करणे सरकारला भाग पडले. २५ ऑगस्ट १९९२ रोजी स्फुरद आणि पालाश यांच्या खतांवरील भावनियंत्रण उठले. युरियावरचे मात्र कायम राहिले. परिणाम सरळ होता. डीएपी महाग झाले, युरिया स्वस्त राहिला. शेतकऱ्याने युरियाच अधिक टाकला. पीक हिरवेगार दिसते, पण जमिनीच्या कसाचा तोल जातो. कृषी शास्त्रज्ञ ज्या असमतोलाविषयी पुढची तीस वर्षे कंठशोष करीत राहिले, त्याला कुवेतच्या वाळूचा असा दूरचा संबंध आहे. युद्ध सहा-सात महिन्यांत संपले. त्याचा हिशेब आपल्या शेतातून अजून पुरता मिटलेला नाही.

शेवटचे प्रकरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. सूर्यफुलाचे तेल भारतात मुख्यतः त्या दोन देशांतूनच येत असे. त्यात इंडोनेशियाने २८ एप्रिलपासून जवळजवळ महिनाभर पामतेलाची निर्यात बंद केली. पालाशच्या खताचे पोते १,७०० रुपयांवर गेले. डीएपीचे पोते सरकारने १,३५० रुपयांवर रोखून धरले, पण त्यासाठी २०२२-२३ या एका वर्षात खतांच्या अनुदानाचा एकूण बोजा अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. त्याच मे महिन्यात स्वयंपाकाच्या वायूचे सिलिंडर एक हजार रुपयांच्या पुढे सरकले. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून ज्या घरांतून चूल हद्दपार होत होती, त्यांतील कित्येक घरांत सिलिंडर कोपऱ्यात उभे राहिले आणि बाईच्या डोक्यावर जळणाची मोळी परत आली. फरक इतकाच, की मोळी पूर्वीपेक्षा लांबून आणावी लागत होती. मधल्या काळात बांधावरची झाडे गेली होती.

याच वर्षात सोयाबीनचे प्रकरणही पाहण्यासारखे आहे. खाद्यतेल महागले, शहरांतून ओरड झाली, म्हणून सरकारने बाहेरच्या तेलावरील आयातकर उतरविले. मे २०२२ मध्ये तर सोयाबीन व सूर्यफुलाच्या कच्च्या तेलाचा काही कोटा करमुक्तच केला. ग्राहकाला दिलासा हवा होता, हे खरे. परंतु युद्धाचा पहिला भर ओसरल्यावर जागतिक भाव उतरले आणि स्वस्त तेलाचा लोंढा तसाच आत येत राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये हे कर पुन्हा वाढविले गेले, पण त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मराठवाड्याच्या बाजारात तो त्याहून पुष्कळ खाली विकला गेला. भाव पडण्याची कारणे आणखीही होती. तरी वड्याचे तेल वांग्यावर काढावे, तसे कढईतल्या तेलाचे दुखणे शेतातल्या सोयाबीनवर काढले गेले, हे नाकारता येत नाही. कापसाचेही तसेच. २०२२ च्या आरंभी क्विंटलला दहा हजारांवर गेलेला भाव पाहून पुढच्या हंगामात पुष्कळांनी कापूस घरात राखून ठेवला. भाव परत चढला नाही. दहा हजारांची ती तेजी मुख्यतः जगातील तुटीची होती, युद्धाची नव्हे. पण चढलेला भाव टिकेल या आशेवर विसंबण्याची जी किंमत १८६५ मध्ये पडली, तीच २०२३ मध्येही पडली.

या सगळ्या प्रकरणांतून काही सामान्य नियम हाती लागतात काय? आमच्या मते तीन लागतात.

पहिला नियम असा, की टंचाई येण्याच्या आधी महागाई येते. युद्धाची बातमी आली, की जहाजाचा विमा वाढतो, भाडे वाढते, व्यापारी माल धरून ठेवतो. इराणच्या आखातातून बाहेर पडणारी होर्मुझची सामुद्रधुनी घ्या. जगात वापरल्या गेलेल्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश तेल २०२४ साली या चिंचोळ्या वाटेने गेले. ती वाट प्रत्यक्ष बंद पडण्याची गरज नसते. ती बंद पडेल ही शंकाच पुरेशी असते. पूर्वी ही शंका तारेने येई. हिंदुस्थान आणि युरोप यांना जोडणारी पहिली तार याच आखाताच्या तळातून १८६४-६५ च्या सुमारास टाकली होती. आता ती शंका क्षणात येते, इतकेच.

दुसरा नियम असा, की चढलेला भाव जिन्याने खाली उतरतो. डिझेल वाढले की मालमोटारीचे भाडे त्याच आठवड्यात वाढते. डिझेल उतरले तर भाडे उतरेलच असे नाही. बीडसारख्या शहरात, जेथे २०२५ पर्यंत मिठापासून सिमेंटापर्यंत सारे डिझेलवरच आले, तेथे हा जिना अधिकच उंच होता.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. भार ज्याला पुढे ढकलता येतो तो ढकलतो, आणि ज्याच्या पुढे कोणी नाही त्याच्यावर तो येऊन स्थिरावतो. मोटारमालक भाडे वाढवितो, दुकानदार किंमत वाढवितो, नोकरदाराला महागाईभत्ता मिळतो. शेतकरी मात्र बाजार देईल त्या दराने विकतो आणि दुकान मागेल त्या दराने घेतो. त्याच्याही पलीकडे आपल्या जिल्ह्याचा ऊसतोड कामगार आहे. त्याचे दर काही वर्षांच्या कराराने बांधलेले असतात आणि त्याने मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मधल्या वर्षांत तेल, तिखट, गाडीभाडे, औषध सारे वाढते. टनाचा दर करार संपेपर्यंत हलत नाही. कोयता घेऊन जाणाऱ्या नवराबायकोंना युक्रेन कोठे आहे हे माहीत नसेल, पण त्या युद्धाचा खर्च त्यांनी भरलेला आहे, आणि तो भरल्याची पावती त्यांना कोणी दिलेली नाही.

मग उपाय काय? कोणी म्हणेल, बाहेरचे काही घेऊच नये. हे बोलणे गोड असले तरी व्यवहार्य नाही, आणि न्याय्यही नाही. रॉकेलच्या चिमणीखाली दोन पिढ्यांनी अक्षरे गिरविली आहेत. सिलिंडरने लक्षावधी बायकांचे डोळे आणि फुप्फुसे वाचविली आहेत. जो मागे जायला सांगतो, त्याने आधी स्वतःच्या घरी चूल पेटवावी. आमचे म्हणणे वेगळे आहे. नवी वस्तू घेताना जुनी सोय मोडावी लागत नाही, आणि मोडलीच तर तिच्या जागी दुसरी सोय उभी करावयाची जबाबदारी कोणाची, हे ठरवून घ्यावे लागते. ती एकट्या शेतकऱ्याची असू शकत नाही. राष्ट्राने विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे जमिनीखाली ५३ लाख टनांच्या आसपास कच्चे तेल साठविण्याची सोय केली. ती पूर्ण भरलेली असली तरी देशाच्या साधारण साडेनऊ दिवसांच्या गरजेइतकीच होते. साठवण वाढविणे, तेल-वायूची दारे एकाहून अधिक ठेवणे, हे दिल्लीचे काम आहे आणि ते आपण मागितले पाहिजे.

काही काम मात्र आपल्या हाताशी आहे. या जिल्ह्यात ऊन भरपूर आहे आणि बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरूही लागल्या आहेत. त्यांची वीज गावच्या पंपाला दिवसा मिळेल, असा आग्रह धरता येईल. शेणाचा वायू आणि त्याची मळी ही जुनीच गोष्ट आहे, पण तिने सिलिंडर आणि युरिया दोहोंचा भार थोडा थोडा उतरतो. माती तपासून खत घातले, तर १९९२ पासून बिघडलेला तोल सावरतो. गावोगावचे तेलघाणे नव्या यंत्रांवर पुन्हा उभे राहत आहेत. करडईचे क्षेत्र वाढले, तर त्यांना काम मिळेल. ऊसतोडीच्या करारात दर महागाईशी जोडून दरवर्षी आपोआप वाढावा, अशी अट घालण्यास तर एका थेंबाचेही तेल लागत नाही. आणि कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्याला चढ्या भावाच्या दिवसांत कोणी पत देऊ लागले, तर ती पत भाव उतरल्यावर किती जड होईल, याचा हिशेब मांडून दाखविणारी माणसे आपल्या पतपेढ्यांत, बाजार समित्यांत आणि शाळांत हवीत.

युद्धे थांबविणे आपल्या हाती नाही. यापुढेही ती होतील, आणि त्यांच्या वार्ता आपल्यापर्यंत वर्तमानपत्राच्या आधी दुकानाच्या पाटीवर लागलेल्या भावातून येतील. त्या दिवशी शहरातील आपण महागाईची तक्रार जरूर करावी. परंतु त्याबरोबर हेही विचारावे, की हा भार पुढे सरकत सरकत शेवटी आपल्या जिल्ह्यात कोणाच्या अंगावर जाऊन थांबणार आहे, आणि तो उतरविण्यासाठी बाजार समितीत, जिल्हा परिषदेत व करार ठरविणाऱ्या बैठकांत आपण काय मांडणार आहोत.